मामाजींचं घड्याळ

"हात नका लावू पोराले!" नलू खेकसली.

आनंदाबाईनं, तिच्या सासूनं, पुढे केलेले हात पदरात घेतले नि मुकाट ओसरीत जाऊन बसली. मानेतल्या गाठीसाठी मोठ्या दवाखान्यात कोबाल्ट मशीनच्या किरणांचा शेक घेऊन ती नुकतीच हिंगणघाटला परतली होती. मानेची कातडी काळी पडली होती. जे कातडी जाळतं ते आत मुरल्याशिवाय राहील का? नलूनं सासूचं ताट वेगळं केलं, लोटा वेगळा केला, अंथरूणही ओसरीत टाकलं. नवरा, रूपराव, "डाक्तर तं काई नाई म्हणला," एवढंच पुटपुटला, तर त्याचीही खरडपट्टी निघाली.

वर्षाचा बारक्या आजीसाठी रडून घर डोक्यावर घ्यायचा. मग नलू त्याच्या हाती वारलेल्या मामाजींचं, म्हणजे सासऱ्याचं, गजराचं घड्याळ द्यायची. अंधारात चमकणारे काटे, काच केव्हाच फुटलेली. काटे खरवडत नि बोटं चाटत पोर गप्प बसायचं. सुटले बाई, असं नलूला वाटायचं.

एका संध्याकाळी वीज गेली. पोराच्या बोटावर फिकट हिरवा उजेड दिसला, ओठावरही. नलू ओसरीत धावली.

"मामीजी! चोरून घेतलं न त्याले?"

"नाई वं, तुयी शपथ!"

"मंग हे काय चमकून राह्यलं? या वयात खोटं बोलता?"

म्हातारी रडली. नलूला ते रडणंही खोटंच वाटलं.

सकाळी तिनं सासूला नि पोराला मोठ्या दवाखान्यातल्या, शेक देणाऱ्या डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. सगळं ऐकून डॉक्टरांनी पोराच्या हातातलं घड्याळ हिसकलं.

"हे कोणी दिलं?"

"मीच. काऊन?"

"मशीन बंद झाली की कोबाल्टचे किरण संपतात. आजीच्या अंगात काही उरत नाही. पण या काट्यांना रेडियमचा रंग आहे. बाहेरून त्याचे मुख्य किरण कातडीही ओलांडत नाहीत, मात्र रंग पोटात गेला तर हाडात बसतो नि वर्षानुवर्षं आतून जाळतो. किती दिवस चाटतोय?"

नलूनं पोराचं बोट तोंडातून ओढून काढलं.

"थोडंच गेलं असेल. बहुतेक बाहेर पडेल. तपासत राहू."

"बहुतेक म्हंजे?"

डॉक्टरांनी घड्याळ पिशवीत घालून वर गाठ मारली.

बाहेरच्या नळावर नलूनं पोराची बोटं धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. मग हुंदके देतच त्याला सासूपुढे धरलं. "घ्या न, मामीजी."

बारक्या आजीकडे झेपावला. डॉक्टरांचं तिनंही ऐकलं होतं, तरी तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको वं, नलू. आदीच त्याच्या पोटात गेलं, आता माया आंगातलं बी त्याले काऊन देतं?"