निजायच्या खोलीतली हवा

आमच्या नंदुरबारात हिवाळ्यात कुणी शिंकलं तर सर्दी झाली का, असं कुणी विचारत नाही. मिरचीचा मोसम सुरू झाला, एवढंच समजतात. गावाबाहेर मोकळ्या रानांवर मिरची वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो. नजर जाईल तिथवर जमीन लाल. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि डोळे पुसत परत जातात. आम्हाला काही होत नाही. निदान माझ्या सासऱ्यांना, पितांबर आबांना, तर कधीच नाही. उभा जन्म मिरचीच्या व्यापारात गेला त्यांचा. मिरचीनं शिंकणारा माणूस त्यांच्या लेखी परगावचा.

आणि त्यांच्या सख्ख्या नातीलाच मिरचीनं परगावची ठरवलं.

रुचिका, आमची रुची, माझी मुलगी, यंदा तिसरीत. दिवाळी सरली की तिच्या शिंका सुरू व्हायच्या, मग डोळे चोळणं, मग झोपेत छातीतून येणारी ती बारीक शिट्टी. ती शिट्टी ऐकत पडून राहणं काय असतं ते आईलाच विचारावं. यंदा डॉक्टर स्पष्टच बोलले. धुळीची ॲलर्जी आहे, औषध चालू ठेवा, निजायच्या खोलीत चांगला एअर प्युरिफायर लावा. तरीही महिनाभरात फरक पडला नाही, तर मोसम संपेपर्यंत पोरीला गावाबाहेर ठेवा. गावाबाहेर म्हणजे सुरतेला, तिच्या काकांकडे. तिथलीच शाळा, तिथलंच घर. काका-काकू सोन्यासारखे आहेत, पण माझं लेकरू मी का देऊ? माझा नवरा ललित शाळामास्तर, त्याला सगळंच समजावून सांगायची सवय. "कामिनी, चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे," तो म्हणाला. त्यानंतर त्याला दोन दिवस चहा मिळाला, बोलणं मिळालं नाही.

मशीन घ्यायला मी हिंमतरावांच्या दुकानात निघाले, तर आबा पथारीवर जायचं सोडून न बोलावता रिक्षात येऊन बसले. हिंमतराव कूलर, मिक्सर, इस्त्र्या विकतात आणि बोलतात त्याहून जास्त. त्यांनी आधी एक उंच, काळं, चकचकीत मशीन पुढं ढकललं आणि आमच्या अहिराणीत सुरू झाले.

"आबा, हाई देखा. सात रंगनं लाइट शे. वर सुगंधनी बाटली बी शे."

"सुगंध कसाले?" आबा म्हणाले. "माले हवा पाहिजे."

मलाही डॉक्टरांनी तेच बजावलं होतं. सुवासाचं नको, ओझोन सोडणारं तर मुळीच नको, बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर हवा आणि खोलीच्या मापाचं हवं. पण मी तोंड उघडायच्या आत आबांची धंद्यातली सवय पुढं आली. ते मिरचीची गोणी वरून कधीच पाहत नाहीत. वरचा माल सगळेच निवडून ठेवतात. आबा गोणी आडवी पाडतात आणि तळातली मिरची काढून बघतात. त्यांनी ते चकचकीत मशीन सरळ आडवं पाडलं.

"अहो आबा! फुटी जाई ना!" हिंमतराव धावले.

"खोल."

मागचं झाकण उघडलं. आत बोटभर जाडीचा स्पंज, बस. एवढ्या डौलाच्या पोटात भांडी घासायचा स्पंज! मला हसू आवरेना. आबांनी दुसरं मशीन उचललं. बुटकं, पांढरं, दिसायला अगदी साधं. त्याच्या आत दाट चुण्यांचा जाडजूड फिल्टर होता, आणि त्याच्यापुढं जाड कण अडवणारी धुता येण्यासारखी जाळी. आबांनी त्या चुण्यांवरून बोट फिरवलं, दारातल्या उजेडाकडे धरून पाहिलं, आणि मान डोलावली. मीही माझं विचारून घेतलं. आमच्या खोलीला पुरेल का, झोपताना घरघर किती, आणि फिल्टर संपला तर नवा इथंच मिळेल का. हिंमतरावांनी तीनही उत्तरं दिली, पण बघत होते ते आडव्या पडलेल्या त्या काळ्या मशीनकडेच.

घरी आणून पलंगाजवळ मोकळ्या जागी ठेवलं. बटण दाबलं, तर लाल दिवा लागला आणि हवेतल्या धुळीचा आकडा आला, एकशे शहाऐंशी. आमची खोली! रोज झाडलेली, पुसलेली, माझ्या हातची. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण दार लावून आम्ही सगळे बसलो, आणि तो आकडा उतरू लागला. शंभर. साठ. तीस. शेवटी बारावर आला आणि दिवा निळा झाला. मी सहसा कशाला भुलणारी बाई नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. जी कधी दिसली नाही, हातात आली नाही, ती हवा कुणीतरी आमच्यासमोर निवडून दिली होती, आपण तांदूळ निवडतो तशी. खिडकीतून तिरीप आत येत होती. रोज त्या तिरिपीत कण नाचायचे आणि लहानपणापासून मला ते सुंदर वाटायचे. त्या दिवशी तिरीप जवळजवळ रिकामी होती, आणि मला ती त्याहून सुंदर वाटली.

"देवघरमां ठेवानं मशीन शे हाई," आबा हळूच म्हणाले.

आठवडाभर बरं गेलं असं वाटलं, आणि शिट्टी परत आली. मला कळेना. दिवसभर दिवा निळा असायचा, संध्याकाळी लाल व्हायचा, आणि मग रुचीचा दम सुरू. मी खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. उपयोग झाला नाही. पुढची जाळी धुवायला काढली तर तिच्यावर तांबूस साय धरलेली. आबांनी बोटाला लावून ती जिभेवर ठेवली.

"मिरची शे," ते म्हणाले.

पोर जिथं झोपते तिथं मिरची! त्याच दिवशी ललितनं माळ्यावरची बॅग खाली काढली. ती पलंगापाशी ठेवली. मी मनात म्हटलं, ही मिरची येते कुठून ते पाहिल्याशिवाय त्या बॅगेत पोरीचा एक फ्रॉकही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मी खुर्ची टाकून खोलीतच बसले. आकडा अकरा, दिवा निळा. रुची शाळेतून आली, हातपाय धुऊन पलंगावर पडली. तेरा. ललित आला, जरा वेळ उभा राहिला, गेला. पंधरा. मग आबा आले.

आबांचं रोजचं ठरलेलं. पथारीवरून यायचं, हातपाय धुवायचे, तांब्याभर पाणी प्यायचं आणि तडक पलंगावर बसायचं. रुची त्यांच्या मांडीवर डोकं ठेवते आणि आबा तिला दिवसभराची हकीकत सांगतात, कोण कोणाशी भांडलं, कुणाची बकरी मिरचीत शिरली आणि मग कशी उड्या मारत पळाली. तो त्या दोघांचा वेळ, आम्ही कुणी त्यात पडत नाही. आबा बसले. रुचीनं डोकं टेकवलं. आकडा चाळीस झाला. नव्वद. दोनशेच्या वर गेला. दिवा लालभडक, आणि मशीन घोंघावू लागलं.

"आबा, मशीन तुमले देखीसन घाबरी गयं!" रुची टाळ्या पिटत म्हणाली.

आबाही हसले. गंमत म्हणून उठून बाहेर गेले. आकडा उतरला. परत आत आले. आकडा चढला. दोघं आणखी हसली. तिसऱ्यांदा आबा आत आले तेव्हा रुची हसत होती, आबा नाही. त्यांनी आपल्या बाहीकडे पाहिलं आणि त्या बाहीवर एक चापट मारली. खिडकीच्या तिरिपीत तांबूस धूळ उठली आणि सावकाश पलंगावर बसली.

"मन्हामुये?" त्यांनी मला विचारलं.

"आबा, कपड्यांमुळं," मी कसंबसं म्हटलं. "तुमच्यामुळं नाही."

"कपडा मीच घालस ना, बेटा."

ते बाहेर गेले. त्या दिवशी ताटावर बसले नाहीत. मला वाटलं, म्हातारा दुखावला. ज्या मिरचीवर हे घर उभं राहिलं, तीच नातीच्या आड आली, आणि तेही सुनेसमोर दिसलं. मला मशीनचा राग आला, मग माझा आला, मग रडू आलं.

दुसऱ्या संध्याकाळी अंगणातल्या नळाचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहते तर आबा त्या थंडीत डोक्यावरून पाणी घेत होते. टोपी, सदरा, पायजमा, उपरणं, सगळं अंगणातच बादलीत बुडवलेलं. धुतलेल्या कपड्यांचा जोड त्यांनी सकाळीच दोरीवर ठेवला होता. मी गरम पाणी आणते म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले. अंग पुसून, केस कोरडे करून, ते खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि देवळात शिरावं तसे एक पाऊल आत टाकून थांबले. आकडा सोळा. आणखी एक पाऊल. अठरा. दिवा निळाच. मग रुचीनं हात ओढून त्यांना बसवलं.

तेव्हापासून एकही दिवस चुकला नाही. हळूहळू रुचीची शिट्टी विरत गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, परत तपासली, आणि म्हणाले, औषध चालू ठेवा, मशीन चालू ठेवा, कुठं पाठवायची गरज नाही. ललितनं बॅग आपली आपणच माळ्यावर टाकली. मी त्याला चहाबरोबर दोन शब्दही दिले.

मग एका संध्याकाळी मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. रुचीचं डोकं आबांच्या मांडीवर, दिवा निळा, सगळं नेहमीसारखं. पण आबांची गोष्ट तुटत होती. दोन वाक्यं सांगायचे, थांबायचे. मी नीट पाहिलं. त्यांची छाती हलत नव्हती. चेहरा तांबडा झाला होता. मग त्यांनी तोंड दाराकडे वळवलं, श्वास तिकडं सोडला, तिकडूनच आत घेतला, आणि रुचीकडे वळून पुन्हा रोखून धरला.

ते किती दिवस असं करत होते, कोण जाणे. कपडे धुता आले होते, केस धुता आले होते. पण जन्मभर आत गेलेली मिरची सोडलेल्या श्वासाबरोबर पोरीच्या तोंडावर येईल, अशी भीती त्या माणसाला वाटत होती. माझ्या हातातली घडी तशीच राहिली. एवढी माया मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्या घरात, माझ्यासमोर, रोज बसलेली होती.

रुचीनं डोकं वर केलं. "आबा, तुम्ही श्वास कसाले घेतस नही?"

"घेस ना."

"नही घेतस." तिनं त्यांच्या छातीला कान लावला. "घ्या आते."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"घ्या, आबा," मी म्हटलं.

आबांनी भरून श्वास घेतला, आणि छातीवर टेकलेलं रुचीचं डोकं त्या श्वासाबरोबर हळूच वर आलं.