व्हायोलिनला खुर्ची

काशीराम पाटलांना भूक म्हणून आवरत नाही, हे उभ्या पनवेलला ठाऊक. शेजारच्या तमारबाईंना भाचीच्या लग्नात व्हायोलिन वाजवायचं होतं, म्हणून पाटील त्यांना अलिबागला सोडायला निघाले खरे. पण पळस्पे फाटा आला नि नव्या कोऱ्या गाडीला आपोआप ब्रेक लागला. मे महिन्याचं ऊन नुसतं आग ओकत होतं.

“चला बाई, मिसळ खाऊ. पेटी र्‍हाऊ द्या गाडीत.”

बाईंनी व्हायोलिनची पेटी उचलली आणि तडक हॉटेलात शिरल्या. पंख्याखालच्या खुर्चीवर पेटी ठेवली अन् स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकल्या.

झालं! पाटलांना ते जिव्हारी लागलं. भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली, बाईंचे डेव्हिडसाहेब गेले तेव्हा खांदा द्यायला हेच पुढे, आणि बाईंचा आपल्यावर एवढाही भरवसा नाही? मिसळ आली तरी पाटलांचा हात चमच्याकडे जाईना. आता बोला!

“आमी काय चोर हाय का, बाई? गाडीला लॉक हाय.”

“अहो, चोराचं काय घेऊन बसलात! मला धास्ती उन्हाची. बंद गाडीची भट्टी होते. याचं लाकूड सरसानं जोडलेलं असतं. सरस मऊ झाला की सांधे सुटतात. आमच्या यांनी पहिलं व्हायोलिन मोरा बंदरावर गाडीत ठेवून लाँच पकडली. परत येऊन बघतात तर वरची फळी उचकटलेली. जेवले नाहीत त्या दिवशी. हे दुसरं मी रोनेनलासुद्धा देत नाही, पोटचा पोर असून.”

पाटील ओशाळले. “मंग आदी सांगाचं ना!”

“विचारलंत कुठे? लगेच गाल फुगवून बसलात.”

बाई हसल्या, उठल्या आणि पेटी उचलून सरळ पाटलांच्या मांडीवर ठेवली.

“धरा. मी तोंड धुऊन येते. पंख्याखालून हलायचं नाही.”

आणि मागे वळूनही न बघता गेल्या. पाटलांनी दोन्ही हातांनी पेटी धरली. नाकावर घाम आला, तोही पुसला नाही. समोर मिसळ निवत चालली होती, पण आज पाटलांना भूकच नव्हती.

“शेठ, पेटी खाली ठेवा ना, खाऊन घ्या,” वेटर म्हणाला.

“गप रं,” पाटील म्हणाले. “बाईंनी माज्याकडं दिलीय.”