कशानं वाढलं

"मावशी, तुमची लिंगपूजा एक दिवस तरी चुकते का? तशीच हिची गोळी. रोज सकाळी नऊला. आणि दुखलं की वहीत लिहायचं, खरं तेच."

दवाखान्यातल्या संस्कृती सिस्टरचा हा आवाज कानात होता, आणि बाहेरच्या खोलीत माझा मुलगा मल्लिनाथ माझ्या सुनेला, महेश्वरीला, मारत होता.

सिस्टरनी चित्र काढून दाखवलं होतं. एंडोमेट्रिऑसिस. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं हिच्या पिशवीबाहेरही वाढलंय. दर पाळीला त्यातूनही रक्त येतं, त्याला वाट नाही, म्हणून महेश्वरी फरशीवर लोळते. नाटक नव्हे. गोळ्या चालू आहेत तोवर मूल नाही. पुढचं पुढं बघू. "घरी सांगाल ना?" मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून हो म्हटलं.

सांगितलं नाही. आम्हा लिंगायतांत पाळीचा विटाळ नाही, बाई त्या दिवसांतही पूजा करते. पण लेकासमोर हे बोलायची मला लाज वाटली.

त्याला गोळ्या उशीखाली सापडल्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणाला, पोर न व्हायच्या.

"चार वर्षं लोकांचं ऐकतोय मी! आणि तू गोळ्या खातीस व्हय?"

"लई दुखतंय ओ, म्हणून..."

"थांब, दाखवतो दुखणं."

तिचं डोकं कपाटावर आपटलं. बांगड्या फुटल्या. आत माझ्या डाव्या तळहातावर लिंग होतं. पूजा पुरी होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, हा माझा लहानपणापासूनचा नेम. दुसरा फटका. तिसरा. मी नजर हलवली नाही. खरं तेच लिहायचं म्हणून हेही लिहिते.

मग तिनं मला हाक मारली, "अत्ती!"

लिंग हातात घेऊन मी उठले. ती पोट धरून पडली होती, ओठ फाटलेला. त्यानं लाथ घातली, बरोबर तिथंच. मी मध्ये पडले. पुढचा फटका माझ्या मनगटावर बसला आणि लिंग फरशीवर गडगडलं.

तो पांढराफटक पडला. "आई, लिंग..."

"हिच्याकडं बघ आधी. गोळ्या दुखण्याच्या आहेत. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. पण ठाऊक नसलं की लाथ घालायची असते का रे?"

मी कधी ओरडत नाही. तेव्हाही नाही ओरडले. तो अनवाणीच निघून गेला.

लिंग धुऊन गळ्यात बांधलं. वही उघडली.

"दहापैकी किती दुखतंय, बाळ?"

"दहा."

पुढचा रकाना होता, 'कशानं वाढलं'. मी पेन टेकवताच तिनं हात धरला. "नका अत्ती. दवाखान्यातनं पोलिसांत जाईल की हे लिहिलेलं."

"जाऊ दे."

लिहिलं: 'मल्लिनाथनं पोटात लाथ घातली. मी पाहिलं. शिवबाई.'

नऊला पाच कमी होते. चुरगळलेल्या पाकिटातली एक गोळी शाबूत होती, ती दिली. दवाखान्यात जायला बोलावलेली रिक्षा खाली येऊन थांबली. वही कमरेला खोचली, तिचा हात खांद्यावर घेतला, आणि एकेक पायरी जिना उतरू लागले.