एकही नूडल खाली पडत नाही

आमच्या टकळीने वर्गात सांगून ठेवलं होतं की तिचे बाबा कढईतल्या नूडल्स छतापर्यंत उडवतात, परत झेलतात आणि एकही नूडल खाली पडत नाही.

टकळी म्हणजे आमची मोठी. पहिलीत आहे. तिचं तोंड सकाळी डोळ्यांच्या आधी उघडतं. तिच्या बोलण्यातलं छत सोडलं तर बाकी सगळं खरंच होतं. नवरा कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानात कढईवर असतो. काचेपलीकडे त्याने कढईला हिसका दिला की नूडल्स हातभर वर जातात, हवेत कूस बदलतात आणि मुकाट्याने परत येतात. येणारे-जाणारे पिशव्या खाली ठेवून बघत उभे राहतात. मीही कधीकाळी अशीच उभी राहिले होते, आणि ते पुढे बरंच लांबलं.

पण टकळी बोलून बसल्यावर आठवड्याच्या आतच या कढईबहाद्दराचा पाय आमच्या गठुळ्याच्या रबरी बदकावर पडला. गठुळं म्हणजे धाकटा, अजून रांगतोय. बदक किंचाळलं, नवरा आपटला आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

वर्गात टकळीच्या शेजारी एक चष्मेवाली बसते. तिने बातमी ऐकून घेतली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. शनिवारी दाखव, नाहीतर तू थापाडी."

त्या दिवशी टकळी घरी आली आणि गप्प बसली. ती गप्प बसली की आमच्या घरात नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू येतं. भात चिवडत होती. मग हळूच म्हणाली, "आई, एकदा थापाडी म्हटलं की ते किती दिवस टिकतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. शाळेत मला 'रडूबाई' म्हणायचे ते चौथीपर्यंत टिकलं होतं, पण हे काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"शनिवारी बोलाव तिला. आणखी कोणाला बघायचं असेल तर त्यांनाही," मी म्हटलं.

नवऱ्याने प्लास्टर वर करून दाखवलं. "आणि हे?"

"तू सांग, मी करते. कढई मी धरीन."

"मी 'बाबा' म्हणालेय," टकळी म्हणाली. बराच विचार करून तिने निकाल दिला, "आईने उडवलं तर चालेल. पण बाबांचा हात लागलेला पाहिजे."

मग आठवडाभर आमच्या घरात सराव चालला. दुकानात नव्या माणसाला म्हणे ओलं फडकं घालून कढई उडवायला शिकवतात. आमच्याकडे ओल्या फडक्यांना तोटा नाही. मी गठुळ्याचं धुतलेलं दुपटं घडी करून कढईत टाकायचे आणि हिसका द्यायचे. ते कधी ओट्यावर, कधी खिडकीच्या गजाला, एकदा सरळ नवऱ्याच्या डोक्यावर. गठुळं जमिनीवर बसून प्रत्येक वेळी टाळ्या पिटायचं. त्याला वाटत होतं, हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय.

"मनगटाने नाही गं, खांद्याने. पुढे ढकल, मग मागे ओढ."

"ढकलतेच आहे."

"तू दार लोटल्यासारखं लोटतेस. पाळण्याला झोका देतात तसं कर."

हे मात्र मला समजलं. पाळण्याच्या बाबतीत माझा हात आता कोणी धरू शकत नाही. शुक्रवारपर्यंत दुपटं दहातल्या सहा वेळा कढईत परत यायला लागलं.

शनिवारी जेवणं उरकून गठुळ्याला कडेवर घेतलं आणि कामाला लागलो. नवरा स्टुलावर बसला, प्लास्टर मांडीवर, डावा हात हुकूम द्यायला मोकळा.

मी औषधाच्या दुकानात काम करते, सध्या बाळासाठी रजेवर आहे. हातात पाकीट आलं की मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. नूडल्सच्या दोन पाकिटांतलं एक उलटं करून वाचायला घेतलं, तर नवऱ्याने ते काढून घेतलं, दोन्ही दातांनी फाडली, नूडल्स परातीत ओतल्या आणि पाकिटं कचऱ्यात.

"अरे, वाचू तरी दे!"

"पाकीट वाचून कोणी आचारी झालंय का? इतकी वर्षं माझ्या हाताखालून नूडल्सच जातायत. मऊ होऊ दे. बोटात धरल्यावर लोंबल्या पाहिजेत."

म्हटलं, बरं. ज्याचं काम त्याला कळतं. मोठं पातेलं चढवलं, पाण्याला उकळी आली तशा नूडल्स सोडल्या. एक उचलून दाखवली. "नाही, अजून." पुन्हा दाखवली. "अजून थोडं." शेवटी ती चिमट्यातून मरगळून लोंबायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, "हां, अश्शी." मी चाळणीत उपसून झाकून ठेवल्या आणि चिकनकडे वळले.

चिकनचं मात्र तो जे सांगत होता ते ऐकत राहावं असं होतं. बोटाएवढे लांब तुकडे, त्यांना सोया सॉस, चिमूटभर साखर, थोडं कॉर्नफ्लोअर आणि तेल चोळायचं, म्हणजे आत ओलावा टिकतो. कढई इतकी तापू द्यायची की तेलातून धुराची पहिली रेघ निघाली पाहिजे.

"सगळं एकदम टाकू नकोस. घरच्या शेगडीला दम नाही. थोडं थोडं. आणि हलवू नकोस लगेच. आवाज ऐक."

"कसला आवाज?"

"आत्ता चरचरतंय ना, ते बारीक होईल. तेव्हा उलट."

आणि खरंच झालं. मी उलटलं, तर खालची बाजू तांबूस, चकचकीत. ते बाजूला काढलं. मग आलं-लसूण, कोबी, गाजर, ढोबळी मिरची भराभर परतली. त्यात सोया सॉस, चिली सॉस, थोडं व्हिनेगर आणि पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. रस दाट होऊन चमकायला लागला, तसं चिकन परत आत घातलं. घरभर असा वास सुटला की टकळी खुर्च्या मांडायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. पाहुण्यांनी ओलांडायची नाही अशी खुर्च्यांची हद्द ती आखत होती.

"बाबा, दुकानासारखा वास येतोय!"

नवरा स्टुलावर इंचभर उंच झाला. "आता नूडल्स घे."

मी चाळणीवरचं झाकण काढलं. चिमटा घातला आणि उचलला. सगळ्याच्या सगळ्या नूडल्स वर आल्या, चाळणीसकट.

नवऱ्याने वाकून बघितलं. डाव्या हाताचं बोट खुपसलं. ते तिथेच रुतलं.

"या अशा नसतात," तो म्हणाला.

"मग कशा असतात?"

"माझ्याकडे येतात तेव्हा सुट्या असतात. गार. तेल लावलेल्या."

"येतात म्हणजे? कुठून येतात?"

"मावशींकडून."

नूडल-मावशी म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत सकाळपासून नूडल्स उकळणाऱ्या बाई. मी चिमटा खाली ठेवला.

"अरे, म्हणजे तू कधी उकळल्याच नाहीस?"

"माझं काम पुढचं असतं गं," तो प्लास्टरकडे बघत म्हणाला.

"एवढी वर्षं! आणि माझ्या हातातलं पाकीट फेकून दिलंस!"

"मला वाटलं तुला येत असेल. घरी शेवया वगैरे नाही का करत तू..."

मी पुढे जे बोलणार होते ते बोलले नाही, कारण टकळी आमच्या दोघांच्या मधून चाळणीत बघत होती. तिचा खालचा ओठ आधी आत गेला, मग बाहेर आला.

"दुसऱ्या आण ना."

"दोन्ही पाकिटं यातच गेली, राणी."

"मग दुकानातून?"

नवरा उठलासुद्धा चपला घालायला. तेवढ्यात बेल वाजली. जिन्यात मुलींची कुजबुज ऐकू येत होती, आणि सगळ्यांत वर चष्मेवालीचा आवाज, "मी सांगते ना, नसणारच काही."

टकळी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "आता सोमवारी सगळ्याच म्हणतील." आणि दार उघडायला गेली, शिक्षा ऐकायला जावं तशी.

मी गठुळ्याला ओट्यावर टेकवलं, एका हाताने धरलं आणि दुसऱ्याने चाळणी ताटात उपडी केली. गोळा अख्खा बाहेर आला, पाठीवर चाळणीच्या भोकांची नक्षी घेऊन. गठुळ्याने हात उगारला आणि त्याच्यावर सणसणीत थापटी मारली. थप्प! गोळा थरथरला आणि पुन्हा होता तसा बसला. गठुळं खूश. आणखी एक थप्प. एकही नूडल जागची हलली नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे.

"पसरट तवा," तो एकदम म्हणाला. "लांब दांड्याचा. तेल सढळ. गोळा दाबून चपटा कर आणि खालून कडक होईपर्यंत हात लावू नकोस. आणि मला विचारशील तर दुपट्यापेक्षा हा उडवायला सोपा."

मी थापट्या खाल्लेला वरचा थर काढून टाकला, बाकीचा तव्यावर दाबला, वर कांद्याची पात भुरभुरली आणि तीही दाबून बसवली. तिकडे तिघी पाहुण्या खुर्च्यांच्या मागे ओळीने उभ्या राहिल्या. एक दोन वेण्यांची, एक अंगठा चोखणारी आणि मधोमध चष्मेवाली, हाताची घडी घालून. गठुळं टकळीकडे दिलं. तिने त्याला घट्ट कवटाळलं होतं, त्याच्यापेक्षा तिलाच आधार हवा होता.

"या नूडल्स आहेत?" चष्मेवालीने विचारलं.

"नूडल्सच आहेत," टकळी म्हणाली. "घरच्या."

चरचर बारीक झाली. आता मलाही कळत होतं. मी जास्तीचं तेल वाटीत ओतून काढलं, दांडा दोन्ही हातांनी धरला. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि त्याने डावा हात माझ्या हातांवर ठेवला.

"बाबांचा हात लागलाय, बघून घ्या," टकळीने जाहीर केलं.

"पाळणा," तो माझ्या कानाशी म्हणाला. "एक, दोन..."

तीनला आम्ही झोका दिला. गोळा उठला. छताला काही भिडला नाही, पण चांगला माझ्या डोक्याच्या वर गेला, आळसावल्यासारखा वळला, सोनेरी पोट सगळ्यांना दाखवलं आणि खाली आला. अर्धा तव्यात, अर्धा बाहेर. काठावर डुगडुगला. माझे दोन्ही हात दांड्यावर, नवऱ्याचा चांगला हात माझ्या हातांवर. त्याने दुसरं काही न सुचून प्लास्टर पुढे केलं आणि कोपराने बोका ढकलावा तसं गोळ्याला आत ढकललं.

गठुळ्याने टाळ्या पिटल्या.

चष्मेवाली खुर्चीखालून सरपटत आली आणि गुडघ्यांवर बसून फरशी तपासायला लागली. शेगडीसमोर बघितलं, ओट्याच्या फटीत बघितलं. मग बोटावर काहीतरी हिरवं उचलून विजयाने उभी राहिली.

"पात पडलीय!"

"पातीचं मी काही बोललेच नव्हते," टकळी म्हणाली.

चष्मेवालीने विचार केला, बाकी दोघींकडे पाहिलं आणि पात खाऊन टाकली.

मी गोळ्याचे तुकडे केले आणि वरून चिकनचा गरम रस ओतला. कडक कडांवर तो पडला तसा चुरचुरला. वरून कुरकुरीत, आतून मऊ, मधे रसात न्हालेलं चिकन. दोन वेण्यांच्या मुलीने बशी चाटली. अंगठा चोखणारीने अंगठा बाहेर काढला तो जाईपर्यंत आत घातला नाही. चष्मेवालीने तीनदा मागून घेतलं, दर वेळी "चव बघते" म्हणून. नवरा चमच्याने डाव्या हाताने खाताना सगळं सांडत होता, आणि प्लास्टरला लागलेला सॉस बघून मला म्हणाला, "डॉक्टरला काय सांगू?"

"सांग, माझं काम पुढचं असतं."

सोमवारी टकळी शाळेतून आली ती जिन्यापासूनच बोलत. मी दार उघडलं तेव्हा गोष्ट निम्मी झालेली होती.

"...आणि चष्मेवालीने सगळ्यांना सांगितलं, यांच्याकडे नूडल्स उडतात आणि हिचे बाबा प्लास्टरने थांबवतात, आणि कोणाचा विश्वासच नाही बसला. सगळे तिलाच थापाडी म्हणायला लागले!"

"अगंबाई. मग?"

"मग मी बाकावर उभी राहिले आणि म्हटलं, ती खरं बोलतेय." तिने दप्तर टाकलं, गठुळ्याचा पापा घेतला. "पण तरी कोणी ऐकेना. म्हणून या शनिवारी सहाजणी येतायत. बघायला."

नवरा आतून आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मावशींना विचारून ठेवू का, कशा उकळायच्या ते?" तो म्हणाला.

"खबरदार!" मी म्हटलं. "सुट्या झाल्या तर काय उडवायचं? त्या दिवशी कशा उकळल्या होत्या, ते तेवढं नीट आठव."

"मी कसं आठवणार?" तो म्हणाला. "उकळल्या तू."