पलीकडच्या काठावरचा नवरा

सकाळी गेस्टहाऊसच्या पायरीवर बुटाची नाडी बांधता बांधता नवरा म्हणाला, "परत गेल्यावर मी थोडे दिवस वेगळा राहीन म्हणतो." येताना दूध आणतो म्हणावं, त्या सुरात. मी डब्यात उकडलेली अंडी भरत होते.

"थोडे म्हणजे किती?"

"बघू."

राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या लाँड्रीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. मी डब्याचं झाकण आपटलं. "मग परत जाईपर्यंत तरी कशाला थांबतोस? आजपासूनच राहा की वेगळा!"

त्या दरीत नदीच्या दोन्ही काठांनी पायवाटा आहेत, आणि दोन गावांच्या मधे कुठेही पूल नाही. संध्याकाळी पुढचं गाव आलं की तिथल्या पुलापाशीच काय ती गाठ. तो अलीकडून निघाला तशी मी गावातला झुलता पूल ओलांडून पलीकडे गेले. मागे वळून बघितलं नाही. तो काही हाक मारणाऱ्यांतला नाही.

ही सहल लेकीने ठरवून दिलेली. "दुकानाबाहेर जरा एकमेकांकडे बघा," म्हणाली होती. दुकानात बघायला जागाच नाही. तो मागच्या खोलीत वाफेत उभा राहून इस्त्री करतो, मी पुढे कपडे मोजून घेते आणि कॉलरला नंबराच्या चिठ्ठ्या टाचते. मधे एक पडदा. "झाले का रे त्यांचे शर्ट?" एवढं मी पडद्याला विचारते आणि पडदा "होतायत" म्हणतो. रात्री घरी जातो ती तीच दोन माणसं.

चालता चालता मी मनाशी पैज लावली. पुढच्या पुलावरून तो आपणहून माझ्या काठाला आला, तर हे वेगळं राहण्याचं खूळ संपलं. नाही आला तर काय, ते ठरवायला धीर झाला नाही.

दरी फार सुंदर आहे म्हणतात. असेल. हिरवट पाणी होतं, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती, वर बर्फ होतं. मी बघत होते ती पलीकडे सरकणारी त्याची निळी टोपी. डबा माझ्याकडे आणि पाण्याची बाटली त्याच्याकडे, म्हणजे वाटणीसुद्धा धड झाली नव्हती. कोरडं अंडं घशात अडकलं आणि मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. नदीचा आवाज एवढा, की मोठ्याने घातल्या तरी चाललं.

मग हळूहळू मला दिसायला लागलं. दुकानातून घरापर्यंत चालताना चार वेळा गुडघा धरणारा हा माणूस दगडांवरून उड्या मारत चालला होता. ओठांचा चंबू केलेला. शीळ घालत होता! एका वळणावर समोरून मेंढ्या आल्या, तर हा बांधावर चढून बसला आणि मेंढपाळाशी हातवारे करून काहीतरी सांगायला लागला. मेंढपाळ पोट धरून हसला. काय सांगितलं असेल? मला तर त्याने कित्येक वर्षांत हसण्यासारखं काही सांगितलं नव्हतं. मी ऐकायला थांबले होते का, हा प्रश्न पाठोपाठ आला, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

दुपारी तो एका सपाट खडकावर आडवा झाला आणि हातपाय ताणून झोपला. घरी तो पलंगाच्या कडेला, अंग चोरून झोपतो. मला वाटायचं, त्याची सवयच तशी. मी समोरच्या काठावर बसून राहिले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा रडायला तो शेजारी होता.

संध्याकाळी पूल आला. तो आधी पोहोचला होता, आणि पूल ओलांडून माझ्या बाजूला येऊन उभा होता. मी पैज जिंकले होते. जीव असा काही भांड्यात पडला, की मी जवळजवळ पळतच सुटले.

त्याने मला येताना पाहिलं. आणि त्याचे खांदे खाली आले. हात गुडघ्यावर गेला. चेहऱ्यावर मागच्या खोलीतला तो शहाणा, दमलेला भाव येऊन बसला. मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. त्याला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही.

"चल," तो म्हणाला. "सकाळचं मनावर घेऊ नकोस. मी आपला बोलून गेलो. घरीच जाऊ."

"खोली बघून ठेवलीयस?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "हो."

"उजेड आहे?"

"आहे. सकाळचं ऊन येतं."

"मग राहा तिथे," मी म्हणाले. माझा आवाज चक्क शांत होता. "थोडे दिवस नाही. हवं तेवढं राहा. दुकानाचं आपण बघू."

"अगं, नको. तू एकटी..."

"राहा म्हणतेय ना."

"खरंच?"

"खरंच."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि पुन्हा विचारलं, "नक्की खरंच?"

मी मान हलवली. त्याने अजून एकदा विचारलं असतं, तर मी नाही म्हणाले असते.

त्याने विचारलं नाही.