माझं माकडहाड

मित्रांनो, घाबरून पुस्तकामागे लपू नका. मी सांगाडा असलो तरी प्लास्टिकचा आहे, आणि आता इतका जुना झालोय की वाऱ्याने खडखडलो तरी वर्गात कोणी मान वर करत नाही. सामोआतल्या सवाई बेटावर, समुद्राकाठच्या शाळेत, खिडकीजवळच्या आकड्याला मी टांगलेला असतो.

दूरच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो, तारेने जोडला गेलो आणि बोटीने इथे आलो. लुपेबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या कमरेला फुलाफुलांची लुंगी गुंडाळली. "पाहुणा आहे, असा उघडा कसा राहील?" म्हणाल्या. मुलं माझा हात हातात घेतल्याशिवाय वर्गात शिरत नसत. फार लाडाचे दिवस होते ते.

एकदा बाई उत्क्रांतीचा धडा शिकवत होत्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना शेपूट होतं, त्याची ही खूण, असं सांगून त्यांनी माझं माकडहाड दाखवलं. तशी मालिया नावाची चुणचुणीत मुलगी उठली. "बाई, मग आदमला शेपूट होतं का?"

बाई म्हणाल्या, ते मला माहीत नाही. मालियाने मग हाच प्रश्न रविवारी भर चर्चमध्ये पाद्री एलीसारांना विचारला. लोक खुदखुदले, आणि पाद्रींना ते फार लागलं. ते लुपेबाईंचे सख्खे मामा. सोमवारी शाळेत येऊन, भाचीला न विचारताच, त्यांनी माझं माकडहाड तारेतून उपटून खिशात टाकलं. गावच्या बैठकीत ते मागणी करणार होते, की हा धडा बंद करा, नाहीतर बाईंना गावाबाहेर पाठवा. मला त्यांनी कपाटात कोंडलं. मला हाडाचं दुःख होतंच, पण बाईंची काळजी त्याहून जास्त होती.

आमच्याकडे बैठक म्हणजे चटईवर तासन्‌तास मांडी घालून बसणं. पाय पसरले तर उद्धटपणा ठरतो. आणि नेमके बैठकीच्या आदल्या दिवशी पाद्री चर्चच्या ओल्या पायरीवरून घसरले, ते थेट बुडावर आपटले.

सकाळी काठी टेकत ते शाळेत आले. "नर्स म्हणते, माकडहाडाला मुका मार लागलाय. कुठे असतं गं ते?"

बाईंनी मला कपाटातून काढून पाठमोरं केलं. "इथे होतं, मामा. आता तुमच्या खिशात आहे."

पाद्रींनी ते बाहेर काढून बोटांत फिरवून पाहिलं. "एवढंसं हाड, आणि रात्रभर टेकू दिलं नाही मला. देवाने हे कशाला ठेवलं असेल?"

"कशाला, ते तुम्ही रविवारी सांगा. कसं आलं, ते मला सोमवारी सांगू द्या."

पाद्रींनी काथ्याची दोरी मागितली आणि स्वतःच्या हाताने माझं हाड जागेवर बांधलं. मग मला काखेत मारून बैठकीला नेलं आणि आपल्या चटईवर मांडी घालून बसवलं. स्वतः काठीवर रेलून उभे राहिले.

"मला बसवत नाही, म्हणून माझ्या जागी हा बसलाय," ते म्हणाले. "आदमला शेपूट होतं की नाही, मला माहीत नाही. पण हे हाड आपल्या सगळ्यांना आहे, आणि ते मी लपवायला निघालो होतो. माझं चुकलं, लुपे."

कोपऱ्यातले एक म्हातारबुवा म्हणाले, "आमचे आजोबा सांगायचे, माणूस कुजलेल्या वेलीतल्या अळ्यांपासून झाला. तेव्हा तुम्ही पाद्रीलोक आम्हाला हसलात. तीही गोष्ट सांग गं पोरी मुलांना."

धडा राहिला, बाईही राहिल्या. माझं हाड जरा वाकडं बांधलं गेलं, पण बाईंनी ते मुद्दाम सरळ केलं नाही. आता माझी लुंगी विटलीय, दोन बोटं हरवलीत. अधूनमधून धूळ पुसलीत तर बरं वाटेल. आणि मित्रांनो, माणूस कसा झाला याच्या तुमच्या घरच्या, देवळातल्या, चर्चमधल्या सगळ्या गोष्टी माझ्यासमोर खुशाल सांगा, मला ऐकायला आवडतात. फक्त गोष्टीत बसत नाही म्हणून माझं एकही हाड खिशात घालू नका.