सतराऐवजी दहा

विद्यापीठाची वेबसाइट सांभाळणाऱ्या वेबबाईंनी हातातला कागद उपकुलसचिवांच्या टेबलावर आपटला. चहाचा कप हलला, साहेब हलले नाहीत.

"ही वेबसाइटवरच्या पानाची नोंद. सतरा तारीख, दुपारी चार दहा. तुमच्या ऑफिसातून सूचनाच तेव्हा आली. आणि फेरपरीक्षेच्या फॉर्मची मुदत पंधराला संपली होती, साहेब."

"म्हणूनच म्हणतोय, तिथे दहा तारीख टाका. एका आकड्याचा तर प्रश्न आहे."

"एकशे बारा मुलांचा आहे."

"चौकशी समितीला आपण सांगणार आहोत की सूचना वेळेत होती, मुलांनीच पाहिली नाही. मुलं काय पाहतात मोबाइलवर, तुम्हाला माहीत आहे." साहेबांनी कप उचलला. "तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना, बाई?"

अकरा वर्षं बाईंनी या साहेबांचे पुष्पगुच्छ घेतानाचे फोटो वेबसाइटवर चढवले होते. एकही उशिरा गेला नव्हता. फोटो सोहळा संपायच्या आतच यायचे. खालच्या बाकावर तीन दिवस एक मुलगी येऊन बसत होती. शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिलेला, पर्समध्ये नोकरीचं पत्र. "मॅडम, मी रोज बघत होते हो," एवढंच म्हणायची. तेही आता म्हणेनाशी झाली होती.

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

"विश्वास नाही?"

"पुरेपूर आहे. म्हणूनच लेखी."

साहेब हसले. कंत्राटी माणसाचा ताठा किती वेळ टिकतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : फेरपरीक्षेची सूचना सतराऐवजी दहा तारखेला प्रसिद्ध झाल्याचे दाखवावे. खाली झोकदार सही केली. मग सवयीने हात शाईच्या गादीकडे गेला आणि कोपऱ्यात शिक्का बसला : संकेतस्थळावर तत्काळ प्रसिद्ध करावे.

त्या टेबलावरून कुठलाच कागद शिक्क्याशिवाय उठत नसे. मागे एकदा बंद पंख्याच्या तक्रारीवरही तो बसला होता. बाईंनी विचारायला फोन केला, तेव्हा साहेब खेकसले होते, "शिक्का दिसला की टाकायचं. डोकं चालवायचा पगार नाही तुम्हाला." पंखा आठवडाभर मुखपृष्ठावर होता.

बाईंनी शिक्क्याकडे पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

खाली येऊन त्यांनी कागद स्कॅनरवर काटकोनात ठेवला. सूचनेच्या बरोबर खाली चढवला. सही ठळक दिसतेय ना, हे दोनदा पाहिलं.

फोन वाजला.

"झालं का?"

"झालं, साहेब. डोकं न चालवता."

"शाब्बास. कंत्राटाचं बघतो मी."

बाईंनी फोन ठेवला. त्या बाहेर गेल्या. मुलगी बाकावरून उठून उभी राहिली.

"फोन काढ. फेरपरीक्षेचं पान उघड."

मुलीने उघडलं. ओठ हलवत वाचू लागली.

"वाचत काय बसलीस? आधी स्क्रीनशॉट घे," वेबबाई म्हणाल्या. "आणि बाकीच्या एकशे अकरांना पाठव. पटापट. एकदा वर कुणी पाहिलं, की हे पान राहायचं नाही. मीही."